उभय पक्षांच्या उपस्थितीत

प्रिय टॅमसिन,

नाताळात तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी चहा ओतण्याचे निमित्त करून तो टाळला. जूनमध्ये फर्ममधून निवृत्त झाल्यावर मी लंडनचे घर विकावे आणि ब्रिस्टलला तुमच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायला यावे, असा तुझा प्रस्ताव आहे. "आई, त्या घरात आता तू आहेस आणि फायली आहेत, आणि फायली तुझ्याशी बोलत नाहीत," असे तू म्हणालीस. वाक्य चांगले होते. मला ते खोडता आले नाही. ईस्टरपूर्वी उत्तर देण्याचे मी कबूल केले होते, ते या पत्रात देत आहे. मात्र उत्तर आधी आणि कारणे जमल्यास नंतर, ही तुझी पद्धत. वस्तुस्थिती आधी आणि निष्कर्ष शेवटी, ही माझी. पत्र मी लिहीत असल्याने पद्धत माझी राहील. शेवटचे पान आधी वाचू नकोस. तू वाचशीलच हे ठाऊक असूनही सांगून ठेवते.

ब्राउवर प्रकरण तुला केवळ नावाने ठाऊक आहे, कारण चालू खटल्याविषयी मी घरी बोलत नाही. तुझे बाबा पाहुण्यांना सांगत, "हिला स्वयंपाकघरात आग लागलीय का विचारा, म्हणेल प्रकरण न्यायप्रविष्ट आहे." आता निकालपत्र प्रसिद्ध झाले आहे, अपिलाची मुदतही उलटली आहे, तेव्हा बोलण्यास हरकत नाही. ब्राउवर हे हॉलंडमधले घराणे तीन पिढ्या ट्यूलिपचे कंद पिकवते. कारभार योके ब्राउवर या सत्तरीच्या बाईंच्या हाती आहे. आमच्या काचेच्या इमारतीत त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा स्वागतकक्षातल्या ऑर्किडचे पान त्यांनी दोन बोटांत धरून पाहिले आणि मला म्हणाल्या, "हे प्लॅस्टिकचं आहे. खोट्या फुलाशेजारी बसणारी माणसं माझा खटला लढवणार का?" मी सांगितले की फुले निवडणारा विभाग वेगळा आहे. त्यावर त्या हसल्या, आणि तेव्हापासून आमचे जमले.

वाद असा होता. आपल्याकडच्या बागसामानाच्या एका मोठ्या दुकानसाखळीने ब्राउवरांकडून शुभ्र ट्यूलिपचे कंद मागवले. माल ऑक्टोबरमध्ये उतरला आणि साखळीने तो सगळा नाकारला. कारण असे दिले की कंदांत भलत्याच जातीची भेसळ आहे आणि ती ब्राउवरांनी जाणूनबुजून केली आहे. आमचे म्हणणे असे की माल निघाला तेव्हा शुद्ध होता. भेसळ झाली असेल तर साखळीच्या गोदामात पेट्या उघडल्यावर झाली. आणि त्या वर्षी त्यांनी गरजेपेक्षा जास्त माल मागवून ठेवल्याने त्यांना निमित्त हवेच होते. योकेबाईंनी पहिल्याच बैठकीत मला स्पष्ट केले, "भरपाई मिळाली तर घेईन. पण आधी आमचं नाव स्वच्छ करून द्या. फुलांच्या लिलावात मी जवळ गेले की लोक बोलायचे थांबतात." फसवणुकीचा ठपका बसला असता तर त्यांच्याकडून पुढे कोणी एक कंदही घेतला नसता. खटला त्या नावाचा होता, हे मी सुरुवातीपासून समजून होते.

अडचण ही की नुसता कंद पाहून फुलाचा रंग सांगता येत नाही. म्हणून न्यायमूर्ती ॲलरटन यांनी आदेश दिला की बंदरावर मोहोरबंद असलेल्या पेट्यांतले काही कंद आणि गोदामात उघडलेल्या पेट्यांतले काही, असे दोन वाफे लिंकनशरमधल्या स्पॉल्डिंग गावाजवळ एका तटस्थ शेतात लावावेत आणि वसंतात काय उगवते ते पाहावे. लागवडीचे नियम दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांनी मिळून ठरवायचे होते. त्यांचा मसुदा मी केला. त्यात मी एक तरतूद घातली, जिचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता: वाफ्यातील कोणत्याही वस्तूस उभय पक्षांच्या प्रतिनिधींच्या उपस्थितीखेरीज कोणीही स्पर्श करू नये. हेतू उघड होता. कोणी गुपचूप कंद बदलू नयेत. मसुदा प्रतिपक्षाकडे गेला, त्यांच्या फर्ममधल्या अनेक हुशार लोकांनी तो तपासला, न्यायालयाने त्यावर शिक्का उमटवला. शेताची राखण करणाऱ्या रेज डॉब्ज नावाच्या गृहस्थांचा पंधरवड्याने मला फोन आला. "बाईसाहेब, वाफ्यात तण उगवलंय. तण ही वस्तू आहे का?"

मी बराच विचार केला. तण ही वस्तू होती. तरतुदीची भाषा इतकी निर्दोष होती की पळवाट मुद्दाम ठेवलेली नव्हती आणि चुकून राहिलेलीही नव्हती. मी प्रतिपक्षाला लिहिले की तण वगळण्यापुरती दुरुस्ती करू या. त्यांनी नकार दिला. तणाशी त्यांचे काहीच वैर नव्हते. परंतु आम्ही मागितलेली गोष्ट पहिल्या खेपेस मान्य करायची नाही, हे त्यांचे धोरण होते, आणि खरे सांगायचे तर आमचेही तेच आहे. अशा रीतीने लंडनमधल्या दोन नामांकित फर्म्सना पंधरा दिवसांतून एका शनिवारी लिंकनशरमध्ये खुरपणीसाठी माणूस पाठवणे भाग पडले. प्रतिपक्षाने आपला तज्ज्ञ साक्षीदारच प्रतिनिधी म्हणून नेमला, कारण तो जवळच राहत होता. आमच्याकडच्या तरुण सहकाऱ्यांना मी विचारले, तेव्हा फुन्मीने, तुला आठवत असेल, उन्हाळ्यात आपल्याकडे जेवायला आलेली, सर्वांच्या वतीने उत्तर दिले. "फिलिपा, ते वाक्य तुम्ही लिहिलंय. आम्ही फक्त टंकलेखन तपासलं." युक्तिवाद बिनतोड असल्याने मी गेले.

तज्ज्ञाचे नाव एडविन थर्लबी. कंदांवर संशोधन करण्यात त्यांची हयात गेलेली. उंच, किंचित वाकलेले, आणि बोलण्याआधी टोपी मागे सारण्याची सवय. त्यांनी साखळीसाठी पहिला अहवाल दिला होता आणि तो आमच्या विरुद्ध होता: कंदांच्या सालीवरून भेसळ मुळातच असावी असे दिसते. तो अहवाल मी इतक्यांदा वाचला होता की माणूस समोर आला तेव्हा मला प्रथम त्यांचा परिच्छेद-क्रमांक आठवला. पहिल्या शनिवारी ते दोन खुरपी घेऊन आले आणि म्हणाले, "हे दुसरं तुमच्यासाठी. लाच ठरत असेल तर परत नेतो." मी सांगितले की वापरून तिथेच परत केल्यास ती देणगी ठरत नाही. "मग संध्याकाळी पुसून द्या," ते म्हणाले. मी ते पुसून दिले.

इथे एक गोष्ट तुला नीट कळायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आपल्या न्यायालयात तज्ज्ञ साक्षीदाराचे मानधन एक पक्ष देतो, पण त्याची निष्ठा न्यायालयाशी असते. प्रतिपक्षाच्या सॉलिसिटरने त्याच्याशी खटल्याविषयी चकार शब्द काढायचा नसतो. आमच्यात सलगी आहे असा नुसता संशय आला असता, तर त्यांच्या साक्षीला काडीची किंमत उरली नसती, त्यांच्या नावाला बट्टा लागला असता आणि योकेबाईंचा निकाल लागण्याआधीच डागाळला असता. म्हणून आम्ही वाफ्याच्या दोन टोकांना बसून तण काढत असू, आणि डॉब्ज मध्ये घडीच्या खुर्चीवर बसून पंचासारखे पाहत असत. हवामान चालत होते. कुत्र्यांविषयी बोलणे चालत होते. एकदा मी फेजंट पक्ष्याला हुसकावले, तेव्हा डॉब्ज गंभीरपणे म्हणाले, "थर्लबीसाहेब, तुमची बाजू हजर आहे ना? बाईसाहेबांनी पक्ष्याला हात लावलेला नाही, नुसता शब्दाने हाकललाय, तेवढं लिहून घ्या." थर्लबी म्हणाले, "शब्द ऐकला मी. न्यायालयात सांगण्यासारखा नव्हता."

हळूहळू मला तणांची नावे कळू लागली, कारण तणांवर बोलण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. त्यांच्या बोलण्यात एक गुण होता जो माझ्या व्यवसायात मला फार थोड्यांकडे आढळला. जेवढे ठाऊक आहे तेवढेच ते सांगत आणि तिथे थांबत. मी विचारले की हे पिवळे तण हिवाळ्यात कसे तगते, तर ते म्हणाले, "ठाऊक नाही. पण तगतं, एवढं पाहिलंय." दुपारी डॉब्जबाईंनी पाठवलेला मनुकांचा पाव आणि चीज आम्ही तिघे खात असू. थर्लबी पावावर लोणी लावत नसत आणि डॉब्ज त्यांना दर खेपेस टोमणा मारत, "याच्या बायकोनं याला लोणी खायला शिकवलं नाही, आणि आता ती बिचारी वर बसून पस्तावत असेल." थर्लबी शांतपणे उत्तर देत, "ती लोण्याऐवजी मार्गरिन खायची, रेज. तू माझ्या घरी कधी जेवायला आला नाहीस म्हणून तुला माहीत नाही." दिवंगत पत्नीविषयी इतके सहज, इतके प्रसन्न बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. तुझ्या बाबांच्या नंतर मी त्यांचे नाव घेण्यापूर्वी नेहमी खोलीत कोण आहे ते पाहत आले. त्या शेतात एकदा मी न पाहता म्हणून गेले, "ह्यूला हा पाव आवडला असता." कोणी सांत्वन केले नाही. डॉब्जनी एक काप वेगळा काढून कागदात बांधला आणि म्हणाले, "मग घरी न्या, त्यांच्या नावानं तुम्ही खा."

फेब्रुवारीच्या आरंभी एका मंगळवारी मी एका बँकेच्या प्रकरणातल्या बैठकीत बसले होते. समोर पंधरा माणसे. माझ्या ध्यानात आले की मी टेबलाखाली फोनवर स्पॉल्डिंगचे शनिवारचे हवामान पाहत आहे, आणि ते कोरडे आहे याचा मला आनंद झाला आहे. बैठक संपताच मी क्रिस्पिन वॉर्बर्टनकडे गेले. आमच्या फर्ममध्ये आचारसंहितेचे सगळे प्रश्न त्याच्याकडे जातात. गेली वीस वर्षे तो माझ्याकडे इतरांच्या तक्रारी घेऊन येतो. मी प्रथमच आपल्या पायांनी त्याच्या खोलीत गेले होते, म्हणून तो उठून उभा राहिला. मी सांगितले की मला एक बाब नोंदवायची आहे. ब्राउवर प्रकरणातील प्रतिपक्षाच्या तज्ज्ञाशी संबंधित आहे.

"काय घडलं?" त्याने दार लावून घेतले.

"काहीही नाही."

"काही बोलणं झालं? खटल्याबद्दल?"

"नाही."

"जेवण, भेटवस्तू?"

"पाव. मध्यस्थाने दिलेला, उभय पक्षांना समान."

"मग फिलिपा, तू नोंदवतेयस काय?"

"मी शनिवारची वाट पाहते," मी म्हणाले.

क्रिस्पिनने पेन खाली ठेवले. त्याला हसू आवरत नव्हते आणि माझ्यासमोर हसण्याचे धैर्यही होत नव्हते. शेवटी म्हणाला, "अशा गोष्टीसाठी आमच्याकडे रकाना नाही गं. वाट पाहणं हे गैरवर्तन नाही." मी म्हटले, की आज नाही, परंतु त्या माणसाने उद्या आमच्या बाजूचे एक वाक्य जरी उच्चारले तरी ते होईल, आणि किंमत तो मोजेल. क्रिस्पिन मग खरोखर गंभीर झाला. त्याच संध्याकाळी आम्ही प्रतिपक्षाला दोन ओळी लिहिल्या: यापुढे खुरपणीस श्रीमती फिलिपा रेडफर्न उपस्थित राहणार नाहीत, अतिरिक्त दक्षता म्हणून त्यांच्या जागी अन्य सहकारी येईल. कारण दिले नाही. थर्लबींना मी निरोप धाडला नाही, कारण निरोप धाडणे म्हणजेच जे टाळायचे तेच करणे झाले असते. त्यानंतरच्या शनिवारी फुन्मी नवे बूट घालून स्पॉल्डिंगला गेली आणि मी घरी बसून तुझे बाबा वाजवत त्या चेलोवरची धूळ पुसली.

सोमवारी फुन्मी माझ्या टेबलाशी आली. "त्यांनी विचारलं, त्या बऱ्या आहेत ना. मी म्हटलं, या प्रश्नाला उत्तर द्यायचा मला अधिकार नाही." मी म्हणाले, "बरोबर बोललीस." तिने हातातली फाईल टेबलावर ठेवली. "मग त्यांचं खुरपं बराच वेळ एकाच जागी फिरत होतं. फिलिपा, मी खरंच बरोबर बोलले का?" मी पुन्हा सांगितले, की बरोबर बोललीस. तिचे शिक्षण मीच केले होते. ते इतके उत्तम झाले असल्याचा त्या दिवशी मला मुळीच आनंद झाला नाही.

एप्रिलच्या अखेरीस न्यायालय वाफे पाहायला आले. न्यायमूर्ती ॲलरटन गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत, मागे त्यांचा लिपिक छत्री धरून, दोन्हीकडचे बॅरिस्टर बांधावरून तोल सावरत. मोहोरबंद पेट्यांचा वाफा एकजात शुभ्र होता. उघडलेल्या पेट्यांच्या वाफ्यात पांढऱ्यामध्ये लाल फुले उठून दिसत होती, आखूड देठाची, टोकदार पाकळ्यांची. न्यायमूर्तींनी दोन्ही वाफ्यांभोवती फेरी मारली आणि त्यामुळे सगळ्यांनीच मारली. योकेबाई एका लाल फुलाशी वाकल्या आणि मला म्हणाल्या, "सुंदर आहे. पण माझं नाही." थर्लबी पलीकडच्या बांधावर उभे होते. त्यांनी टोपी मागे सारली, मी मान लववली, आणि आम्ही दोघांनी पुन्हा फुलांकडे पाहिले. वारा होता, ऊन होते, सगळे शेत हलत होते, आणि मला इतके बरे वाटत होते की मी मुद्दाम दोनदा घड्याळ पाहिले.

उन्हाळ्यात थर्लबींनी पुरवणी अहवाल दिला. त्यातली एक ओळ अशी होती की फुले पाहिल्यानंतर मूळ मताचा फेरविचार आवश्यक झाला आहे. साखळीच्या वकिलांनी ती ओळ शक्य तितकी बारीक करून वाचली आणि खटला पुढे रेटला. ऑक्टोबरमध्ये लंडनमधल्या फेटर लेनच्या न्यायालयात थर्लबी साक्षीला उभे राहिले. आमच्या बॅरिस्टरने थेट विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ती लाल फुलं ब्राउवर पिकवत नाहीत. त्या जातीच्या पेट्या मी साखळीच्याच गोदामात पुढे पाहिल्या. मिसळ तिथे झाली असावी. माझं पहिलं मत सालीवरून बनलं होतं. ते चुकलं." आमचे बॅरिस्टर तत्काळ खाली बसले, आणि तेच शहाणपणाचे होते.

मग साखळीचे बॅरिस्टर फेरतपासणीला उठले. आपलाच साक्षीदार हातातून गेल्यावर उरतो तो एकच मार्ग, तो इतरांच्या प्रभावाखाली आला असे सुचवणे. आणि त्यांनी तोच धरला. आपण वाफ्यावर प्रतिपक्षाच्या सॉलिसिटरबरोबर अनेक शनिवार घालवले, हे खरे ना? थर्लबी म्हणाले, खरे. काय बोलणे होत असे? "तणांबद्दल. एकदा फेजंटबद्दल." मागच्या बाकांवर कोणीतरी हसले. न्यायमूर्तींनी फेब्रुवारीतले आमचे ते दोन ओळींचे पत्र मागवून घेतले, वाचले आणि बाजूला ठेवले. साखळीच्या बॅरिस्टरांनी तिथे थांबायला हवे होते. टॅमसिन, आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात की ज्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक नाही तो प्रश्न साक्षीदाराला विचारू नये. ते नामवंत गृहस्थ ते विसरले. आवाज चढवून म्हणाले, "आणि त्या बाई यायच्या बंद झाल्या, तेव्हा तुम्हाला काय वाटलं, मिस्टर थर्लबी?"

मी पहिल्या रांगेत, थर्लबींपासून दहा पावलांवर बसले होते. ते खोटे बोलू शकले असते. "काही नाही" हे दोन शब्द पुरले असते, आणि कोणीही ते खोडू शकले नसते. त्यांनी टोपी मागे सारण्यासाठी हात वर नेला. टोपी डोक्यावर नव्हती. मग म्हणाले, "वाईट वाटलं. खुरपणीत जीव रमेना." सगळे न्यायालय माझ्याकडे पाहत होते आणि मी माझ्या वहीत 'रमेना' असे लिहून घेत होते, कारण हात काहीतरी करत असला पाहिजे. माझ्या शेजारी योकेबाई होत्या. त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारले, "आता आपण हरलो का?" मी प्रामाणिकपणे सांगितले, की मला ठाऊक नाही. न्यायमूर्ती ॲलरटन यांनी चष्मा काढला. "मिस्टर थर्लबी, त्याचा तुमच्या मतावर काही परिणाम झाला?" थर्लबी म्हणाले, "वकिलांबद्दलच्या मतावर झाला, महाराज. ट्यूलिपबद्दलच्या नाही. ती फुलं मला विचारून लाल झाली नाहीत."

पुढचे दोन महिने मी रात्री नीट झोपले, असे म्हणणे असत्य ठरेल. डिसेंबरात निकालपत्र आले. योकेबाईंवरचा फसवणुकीचा आरोप निराधार ठरला. साखळीने माल नाकारणे बेकायदेशीर ठरले. थर्लबींविषयी न्यायमूर्तींनी लिहिले की ज्या साक्षीदाराने स्वतःला अडचणीत आणणाऱ्या आणि अन्य कोणालाही पडताळता न येणाऱ्या प्रश्नाचेही खरे उत्तर दिले, त्याच्या इतर उत्तरांवर विश्वास ठेवण्यास मला संकोच वाटत नाही. हे वाक्य मी आयुष्यात वाचलेल्या निकालपत्रांतले सर्वांत नीट बांधलेले वाक्य आहे, आणि मी ते निःपक्षपातीपणे सांगत नाही. योकेबाईंचा नंतर फोन आला. "लिलावात आता कोणी बोलायचं थांबत नाही," त्या म्हणाल्या, "थांबतच नाहीत. माझे कान किटले. आधीचं बरं होतं." नाताळात तू मला विचारलेस की मी गालातल्या गालात का हसते आहे, त्याचे अर्धे कारण हे. उरलेले अर्धे मला तेव्हा सांगता येत नव्हते, कारण अपिलाची मुदत संपायची होती.

ती जानेवारीत एका शुक्रवारी संपली. शनिवारी मी कोणाला न कळवता गाडीत बसले, पीटरबरोला गाडी बदलली आणि स्पॉल्डिंगला उतरले. वाफे केव्हाच नांगरून निघाले होते. तरीही थर्लबी तिथे होते, आणि डॉब्ज आपल्या खुर्चीवर होते. थर्लबींनी विचारले, "अपिलाची मुदत?" मी म्हणाले, "काल संपली." "मग आता बोलायला हरकत नाही?" "हरकत नाही." आणि मग आम्ही दोघेही गप्प उभे राहिलो, इतका वेळ की डॉब्ज खुर्ची घडी घालून उठले. "अख्खं वर्ष दोघांच्या तोंडाला कुलूप. आता किल्ली हातात दिली तर दार उघडायचं कोणी, मी?" असे म्हणून ते चहा आणायला गेले. आम्ही मग बोललो. संध्याकाळची गाडी चुकली, म्हणून त्यापुढचीही गाडी जाऊ दिली. तुझ्या बाबांविषयी त्यांनी मला पुष्कळ विचारले. मी सांगितले, पुष्कळ सांगितले, आणि सांगताना खोलीत कोण आहे ते पाहिले नाही. त्यानंतरचा एकही शनिवार मी लंडनमध्ये काढलेला नाही. तू फोन केलास तेव्हा बाजारात आहे असे मी म्हणाले होते. ते खरे होते, फक्त बाजार स्पॉल्डिंगचा होता.

आता निष्कर्ष. गॅरेजवरच्या खोलीबद्दल मी तुझी मनापासून आभारी आहे, आणि मी तिथे राहायला येणार नाही. एडविननी मला गेल्या शनिवारी सांगितले की त्यांचे म्हणणे शपथेवर नोंदले गेलेले आहे आणि मला उलटतपासणी घ्यायची असल्यास ते तयार आहेत. मी एकच प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर मला ठाऊक होते. मे महिन्यात आमचे लग्न आहे, आणि चर्चच्या रीतीप्रमाणे त्याआधी तीन रविवार आमची नावे भर प्रार्थनेत वाचली जातील व कोणास हरकत असल्यास ती सांगावी असे विचारले जाईल. तुझी लिडिया आत्या पहिल्या बाकावर बसते. पाद्रीबुवांचे वाक्य पुरे होण्याआधी तिचा तुला फोन येईल. तुला हे तिच्याकडून कळावे हे मला मान्य नव्हते, म्हणून हे पत्र. नावे प्रथम ईस्टरनंतरच्या रविवारी वाचली जाणार आहेत. तुझी हरकत असेल तर त्याआधी मला सांग. ती कायद्यात बसते की नाही हे मी पाहणार नाही. आयुष्यभर मी लोकांकडे कारणे मागितली. तुझ्याकडे मागणार नाही, आणि तू नको म्हणालीस तर पाद्रीबुवांना मी थांबवीन. हरकत नसेल, तर चर्चच्या नोंदवहीत साक्षीदार म्हणून सही करायला मला तू हवी आहेस. एडविनच्या बाजूने डॉब्ज करतील. इतक्या वर्षांत मी शेकडो साक्षीदार उभे केले, टॅमसिन, आणि काय बोलायचे ते एकालाही कधी पढवले नाही. आमच्याकडे त्याला बंदी आहे. तुलाही पढवणार नाही. फक्त इतके सांगते, की या एका साक्षीदाराच्या उत्तराची मी शनिवारची पाहत असे तशी वाट पाहते आहे, आणि आनंदाने पाहते आहे.

उत्तर काहीही असले तरी तुझीच,
आई